मुंडन, वस्तरा आणि तिळाएवढी जखम

भारतीय माणसाच्या आयुष्यात मस्तकावरचे केस उतरविण्याचे प्रसंग बालपणापासून उतारवयापर्यंत येत राहतात. बाळ वर्षाचे किंवा तीन वर्षांचे झाले की मामाच्या मांडीवर बसवून त्याचे जावळ काढले जाते. मुंजीत बटूचे क्षौर होते. नवस फेडण्यासाठी आंध्र प्रदेशातील तिरुमलाच्या डोंगरावर आणि तमिळनाडूतील पळनी येथे स्त्रीपुरुष भक्तिभावाने केस अर्पण करतात. प्रयागला संगमावर मुंडन करण्याची प्रथा आहे. मातापित्यांच्या निधनानंतर पुत्राला क्षौर करावे लागते. बौद्ध भिक्षूच्या अष्टपरिष्कारांत, म्हणजे त्याने जवळ बाळगावयाच्या आठ वस्तूंत, वस्तऱ्याला स्थान आहे. अलीकडे तर विरळ होत चाललेले केस लपवीत बसण्यापेक्षा डोके सरळ गुळगुळीत करून टाकावे, असा विचार करणारे तरुणही पुष्कळ दिसतात. हे काम ते घरच्या न्हाणीघरात स्वतःच उरकतात.

प्रसंग कोणताही असो, वस्तरा मस्तकावरून फिरला की कोठेतरी बारीकसे कापणे हे जवळजवळ ठरलेलेच असते. तिळाएवढी जखम होते, रक्ताचे दोन थेंब ओघळतात, कोणी तिच्यावर तुरटी फिरवतो, कोणी हळद दाबतो आणि पुढच्या घाईत ती विसरली जाते. बहुतेक वेळा ती आपोआप बरीही होते. परंतु या जखमेविषयी दोन प्रश्न विचारणे आवश्यक असते. पहिला प्रश्न, तिच्यावर काय लावले? आणि दुसरा, ती कोणत्या पात्याने झाली? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर जखम चार दिवसांत भरते की चिघळते हे अवलंबून असते. दुसऱ्याच्या उत्तरावर कधी कधी पुढील अनेक वर्षांचे आरोग्य अवलंबून असते. म्हणूनच या तिळाएवढ्या जखमेची माहिती प्रत्येक कुटुंबाला असावी.

डोक्यालाच इतके रक्त का येते?

हनुवटीवर दाढी करताना कापले तर रक्त लवकर थांबते, मात्र डोक्यावरची तेवढीच जखम बराच वेळ वाहत राहते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. त्यामुळे घरातील मंडळी घाबरतात. याचे कारण डोक्याच्या त्वचेच्या रचनेत आहे. मानेतून वर जाणाऱ्या धमन्यांच्या शाखा पुढून, दोन्ही बाजूंनी आणि मागून येऊन येथे रक्तवाहिन्यांचे दाट जाळे विणतात. त्वचेच्या लगेच खाली चिवट तंतूंचा एक घट्ट थर असतो आणि या वाहिन्या त्या थरात जखडलेल्या असतात. शरीराच्या इतर भागांत रक्तवाहिनी कापली गेली की ती आकसते, तिचे तोंड आत ओढले जाते आणि रक्तस्राव कमी होतो. डोक्यावर मात्र तंतूंच्या पकडीमुळे तिचे तोंड उघडेच राहते. वस्तरा जितका खोल जाईल तितका हा परिणाम अधिक जाणवतो.

या रचनेचे दोन फायदेही आहेत. भरपूर रक्तपुरवठ्यामुळे डोक्यावरची जखम लवकर भरते आणि जंतूंचा प्रतिकारही चांगला होतो. शिवाय त्वचेखाली कवटीचे कठीण हाड असल्यामुळे वरून दिलेला दाब नेमका बसतो. म्हणजे जेथे रक्त अधिक येते, तेथेच ते थांबविण्याची सोयही निसर्गाने करून ठेवली आहे.

कापते कोठे आणि कशामुळे?

मस्तक हे वरून गोल दिसले तरी ते सपाट नव्हे. मागच्या बाजूला हाडाचा उंचवटा असतो, कानामागे खोलगट वळण असते आणि मानेच्या वरच्या भागात त्वचेला घड्या पडतात. याच तीन ठिकाणी पाते हमखास अडकते. भोवऱ्यापाशी केसांची दिशा गोल फिरत असल्याने तेथेही वस्तरा उलट जातो. केसांत दडलेला तीळ, चामखीळ किंवा जुन्या जखमेचा वण दिसत नाही आणि पाते त्याचा वरचा भाग उडवून जाते. म्हणून मुंडनापूर्वी केसांतून बोटे फिरवून असे उंचवटे चाचपून पाहावेत आणि न्हाव्याला ते आधीच दाखवावेत.

बाकीची कारणे घाईतून उद्भवतात. लांब केसांवर थेट वस्तरा चालविणे, केस पुरेसे न भिजविणे, बोथट पात्यावर जोर देणे, एकाच जागी पुन्हा पुन्हा पाते फिरविणे आणि अगदी गुळगुळीतपणाच्या हौसेने केसांच्या उलट दिशेने वस्तरा ओढणे, ही ती कारणे होत. आधी कात्रीने किंवा मशिनने केस बारीक करावेत, कोमट पाण्याने डोके तीनचार मिनिटे भिजवावे, साबणाचा किंवा क्रीमचा दाट फेस लावावा आणि नवे पाते हलक्या हाताने केसांच्या वाढीच्या दिशेने फिरवावे. दुसऱ्या हाताने त्वचा किंचित ताणून धरली म्हणजे घड्या पडत नाहीत. एवढे पथ्य पाळले तर बहुतेक जखमा टळतात.

रक्त थांबविण्याची रीत

इतके करूनही कापलेच तर पहिले औषध म्हणजे दाब. स्वच्छ पाण्याने फेस व केस धुवून काढावेत. निर्जंतुक गॉज किंवा धुतलेल्या सुती कापडाची घडी जखमेवर ठेवून बोटांनी घट्ट दाबावे आणि घड्याळ लावून पाच ते दहा मिनिटे तसेच धरून ठेवावे. येथे बहुतेकांची एकच चूक होते. अर्ध्या अर्ध्या मिनिटाने कापड उचलून ‘थांबले का’ हे पाहिले जाते. रक्तातील बिंबिका आणि तंतू मिळून जखमेच्या तोंडाशी गुठळीचे बूच तयार करीत असतात. कापड उचलले की ते कोवळे बूच निघून येते आणि सारी प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. कापड रक्ताने भिजले तरी ते काढू नये, त्यावरच दुसरी घडी ठेवावी.

या वेळी माणसाला बसवून ठेवावे. खाली वाकले किंवा आडवे झाले की डोक्याकडे रक्त अधिक येते. स्वच्छ कापडात गुंडाळलेला बर्फाचा तुकडा काही वेळ धरल्यास रक्तवाहिन्या आकसण्यास मदत होते, परंतु बर्फ थेट त्वचेवर ठेवू नये. रक्त थांबल्यावर जखम साध्या साबणाने व वाहत्या पाण्याने हळुवार धुवावी. या क्रमात औषधांच्या पेटीतील महाग वस्तू एकही लागत नाही. लागतो तो दहा मिनिटांचा धीर.

तुरटीचे काम आणि तुरटीची मर्यादा

न्हाव्याच्या पेटीतील तुरटीचा खडा सर्वांच्या परिचयाचा आहे. पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम यांचे हे सल्फेट लवण होय. गढूळ पाण्यात तुरटी फिरविली की मातीचे सूक्ष्म कण एकत्र येऊन तळाशी बसतात, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. जखमेवर तुरटी लावली असता ती तेथील प्रथिने साकळविते आणि आसपासची त्वचा आवळून धरते. त्यामुळे वरवरच्या ओरखड्यातून झिरपणारे रक्त चटकन थांबते. जुन्या पिढीने हा उपाय अनुभवातून निवडला होता आणि तो योग्यच होता. औषधांच्या दुकानात मिळणारी रक्त थांबविणारी कांडीही याच तत्त्वावर काम करते. तिच्यात बहुधा तुरटी किंवा ॲल्युमिनियमचेच दुसरे लवण असते.

मात्र तुरटीला दोन मर्यादा आहेत. एक म्हणजे ती ओरखड्यासाठी आहे. ज्या जखमेचे ओठ उघडलेले दिसतात, तिच्यावर तुरटी चोळून केवळ चुरचुर वाढते. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. एकच खडा दिवसभर अनेकांच्या रक्ताळलेल्या त्वचेवरून फिरत असेल, तर तो औषध राहत नाही. एकाचे रक्त दुसऱ्याच्या जखमेपर्यंत नेणारे ते साधन होते. तुरटी जंतूंना काहीशी प्रतिकूल असली तरी ती निर्जंतुकीकरण करीत नाही. म्हणून प्रत्येकाने आपला खडा वेगळा ठेवावा, अथवा तुरटीची थोडी पूड करून ती ओल्या कापसाच्या बोळ्याने लावावी आणि बोळा टाकून द्यावा. दुकानात खडा समोर आला तर ‘पूड असेल तर द्या’ असे सांगण्यात संकोच मुळीच नसावा.

स्वयंपाकघरातील उपचार

जखम दिसली की डब्यातील हळद हाताशी येते. हळदीत दाह कमी करणारे गुण आहेत हे खरे, पण वापरातल्या डब्यातील हळद निर्जंतुक नसते. दिवसभरात अनेक चमचे आणि बोटे त्या डब्यात जातात. उघड्या जखमेत बसलेली पूड नंतर धुवून काढणेही अवघड होते. चहापूड, कॉफी, राख, तंबाखू आणि चुना यांच्याविषयी तर स्पष्टच सांगावयास हवे की हे पदार्थ जखमेवर लावू नयेत. चुन्याने त्वचा भाजते. राख आणि माती यांतून धनुर्वाताचे बीजाणू जखमेत शिरू शकतात. शेण लावण्याची प्रथाही याच कारणासाठी घातक आहे.

दाढीनंतर लावावयाचे सुगंधी द्रव, स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड यांनी जखम चुरचुरते, आणि चुरचुरली म्हणजे औषध ‘लागले’ अशी समजूत होते. प्रत्यक्षात ही द्रव्ये जंतूंबरोबर नव्याने तयार होणाऱ्या पेशींनाही इजा करतात. लहान जखमेला साबण आणि स्वच्छ पाणी पुरेसे असते.

चंदनाचा उल्लेख येथे वेगळा करावयास हवा. तिरुमला आणि पळनी येथे मुंडनानंतर मस्तकाला चंदनाचा लेप लावतात. उन्हात उघड्या पडलेल्या कोवळ्या त्वचेला त्याने थंडावा मिळतो. लेप जरूर लावावा, परंतु रक्त पूर्ण थांबल्यावर आणि कापलेली जागा वगळून लावावा. अनेकांचे हात बुडालेल्या वाटीतील लेपापेक्षा घरून नेलेले चंदन केव्हाही श्रेयस्कर. तीच गोष्ट तीर्थस्नानाची. मुंडन झाल्यावर संगमात किंवा गोदावरीच्या रामकुंडात स्नान करणाऱ्याच्या मस्तकावर ताज्या जखमा असतात. श्रद्धेने बुडी घ्यावी आणि बाहेर आल्यावर बाटलीतील स्वच्छ पाण्याने व साबणाने डोके पुन्हा धुवावे. यात श्रद्धेला कोठेही बाध येत नाही.

पुढचे चार दिवस

रक्त थांबल्यावर जखमेवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. जखम ‘वाळू द्यावी’ हा समज जुना आहे. वस्तुतः किंचित ओलसर राहिलेली जखम लवकर भरते, खपली जाड धरत नाही आणि वणही कमी राहतो. प्रतिजैविक मलम प्रत्येक ओरखड्याला लागतेच असे नाही. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरावे. डोक्यावर चिकटपट्टी नीट बसत नाही. ती लावावयाचीच असेल तर धूळ आणि हेल्मेटचे घर्षण यांपासून बचाव होईपर्यंतच ठेवावी.

रोज एकदा सौम्य शाम्पूने किंवा साबणाने डोके धुवावे व टिपून कोरडे करावे. खपली नखाने काढू नये. जखम भरेपर्यंत कडक सुवासिक तेल आणि केसांचा रंग टाळावा. उन्हात जाताना सुती टोपी किंवा उपरणे घ्यावे, कारण वर्षानुवर्षे केसांच्या छायेत राहिलेली त्वचा पहिल्याच उन्हात भाजून निघते. हेल्मेट वापरणाऱ्यांनी आत धुतलेला रुमाल बांधावा आणि दुसऱ्याचे हेल्मेट घेऊ नये. जखमा भरून येईपर्यंत पुन्हा वस्तरा लावू नये. सामान्य माणसाची अशी जखम साधारणतः आठवड्याच्या आत भरून येते.

एका पात्याचा हिशेब

आता दुसरा प्रश्न. दहाव्याच्या दिवशी नदीच्या घाटावरचे दृश्य अनेकांनी पाहिलेले असते. भावकीतील दहाबारा पुरुष ओळीने बसलेले असतात, न्हावी एकच असतो, ऊन चढत असते आणि गुरुजी विधीसाठी खोळंबलेले असतात. वस्तरा एका मस्तकावरून दुसऱ्या मस्तकावर जातो. मध्ये तो फार तर पाण्यात बुडविला जातो किंवा फडक्याला पुसला जातो. शोकाच्या त्या घटकेला ‘पाते बदला’ असे म्हणणे कोणाला सुचत नाही आणि सुचले तरी प्रशस्त वाटत नाही. ज्या घरात नुकताच एक मृत्यू झालेला आहे, त्याच घरात आणखी एका आजाराचे बीज अशा वेळी पडू शकते.

हे बीज म्हणजे रक्तावाटे पसरणारे विषाणू. त्यांपैकी हिपॅटायटिस बी हा सर्वांत चिवट आहे. शरीराबाहेर, वाळलेल्या रक्ताच्या न दिसणाऱ्या डागातही तो किमान सात दिवस संसर्गक्षम राहू शकतो. तो यकृतात ठाण मांडतो. अनेकांना वर्षानुवर्षे कोणतेही लक्षण जाणवत नाही आणि काहींच्या यकृताचा पुढे संकोच होतो किंवा तेथे कर्करोग उद्भवतो. हिपॅटायटिस सी हा विषाणूही रक्तातूनच पसरतो आणि त्यावर लस नाही. एचआयव्हीचा विषाणू शरीराबाहेर फार काळ तग धरीत नाही, तरीही लागोपाठ वापरलेल्या रक्ताळ पात्याचा धोका कोणी का पत्करावा?

पाते पाण्यात बुडविणे, पुसणे, ज्योतीवरून झटकन फिरविणे किंवा जंतुनाशकाच्या पाण्यात क्षणभर घालणे यांपैकी कशानेही हे विषाणू खात्रीने मरत नाहीत. खात्रीचा उपाय एकच, प्रत्येक मस्तकाला नवे पाते. अर्धे पाते बसविता येणारा वस्तरा आता सर्वत्र रूढ आहे आणि त्या पात्याची किंमत चहाच्या एका पेल्यापेक्षाही कमी असते. एका बाजूला दोनचार रुपये आणि दुसऱ्या बाजूला आयुष्यभराचे औषधपाणी, इतका सोपा हिशेब व्यवहारात क्वचितच आढळतो.

या बाबतीत तिरुमलाचे उदाहरण बोलके आहे. तेथील कल्याणकट्टा या मुंडनगृहात देवस्थानातर्फे विनामूल्य मुंडनाची सोय आहे. भाविकाला टोकनाबरोबर पातेही दिले जाते आणि ते त्याच्यासाठीच वापरले जाते. दररोज हजारोंच्या संख्येने होणाऱ्या मुंडनात जे साधते, ते दहाबारा जणांच्या घाटावर साधणे कठीण नाही. विधीच्या साहित्याची यादी करताना दर्भ, तीळ आणि तांदूळ यांच्याबरोबर ‘पात्यांचे एक पाकीट’ एवढी एक ओळ वाढवावी, म्हणजे त्या दिवशी कोणाला काही बोलण्याची वेळच येत नाही.

घरातही हाच नियम आहे. बापलेकांनी किंवा भावाभावांनी एकच रेझर वापरणे ही काटकसर नव्हे. वसतिगृहांत आणि एकत्र राहणाऱ्या तरुणांच्या खोल्यांत याकडे विशेष लक्ष हवे.

आणि वापरलेल्या पात्याने कापले गेलेच तर? जखम पिळू नये, चोखू नये. साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर ती, आणि आवश्यकतेप्रमाणे प्रतिपिंडांचे इंजेक्शन, शक्यतो २४ तासांच्या आत देता येते. एचआयव्हीचा धोका वाटत असेल तर प्रतिबंधक औषधे लवकरात लवकर आणि ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. त्यांची गरज आहे किंवा नाही, हे डॉक्टर ठरवितात. लाजेपोटी गमावलेले दोन दिवस परत मिळत नाहीत.

लसींचे संरक्षण

हिपॅटायटिस बी विषाणूच्या शोधाबद्दल अमेरिकन शास्त्रज्ञ बारूक ब्लुमबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो आणि भारताचा राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमही २०१८ मध्ये याच दिवशी सुरू झाला. या कार्यक्रमात हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी व औषधोपचार शासकीय केंद्रांत विनामूल्य आहेत. हिपॅटायटिस सी तर आता बहुतेक रुग्णांत बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो.

नवजात बालकांना हिपॅटायटिस बीची पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत दिली जाते. मात्र राष्ट्रीय लसीकरणात ही लस देशभर पोहोचली ती २०११ च्या सुमारास. याचा अर्थ असा की आज तिशी, चाळिशी किंवा पन्नाशीत असलेल्या बहुतेकांना ती बालपणी मिळालेली नाही. अशांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने तीन मात्रा पूर्ण कराव्यात. पहिलीनंतर एका महिन्याने दुसरी आणि सहा महिन्यांनी तिसरी, असा तिचा क्रम आहे.

धनुर्वात गंजलेल्या लोखंडाने होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. दोष गंजाचा नसतो. या रोगाचे बीजाणू माती, धूळ आणि शेण यांत असतात आणि जखमेवाटे ते आत जातात. स्वच्छ नव्या पात्याने झालेल्या ओरखड्यात हा धोका अत्यल्प असतो. पण जखमेवर माती, राख, शेण गेले तर तो वाढतो. बालपणीचे लसीकरण पूर्ण झालेले असले तरी प्रौढांनी दर दहा वर्षांनी वर्धक मात्रा घ्यावी. जखम मळलेली असेल आणि शेवटची मात्रा घेऊन पाच वर्षे उलटली असतील, तर डॉक्टर ती पुन्हा देतात. शेवटचे इंजेक्शन केव्हा घेतले, याची नोंद घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवणे हिताचे.

बाळाचे जावळ

मुंडनातील सर्वांत नाजूक प्रसंग म्हणजे जावळ. सोहळ्याची गर्दी, अनोळखी चेहरे आणि डोक्यावर काहीतरी फिरत असल्याची भीती यांमुळे बाळ रडते, मान झटकते आणि नेमके तेव्हाच पाते लागते. बाळाची त्वचा पातळ असते आणि डोक्यावरील टाळू साधारणतः दीड वर्षापर्यंत पूर्ण भरलेली नसते. म्हणून बाळाची झोप आणि पोट भरलेले असताना हा विधी करावा. आधी कात्रीने केस कापावेत आणि उरलेले बारीक केस मशिनने उतरवावेत. मुहूर्तापुरता वस्तरा टेकवावयाचा असेल तर तो नव्या पात्याचा असावा. देवाला केस अर्पण करावयाचे असतात, त्वचा तासून गुळगुळीत करावयाची नसते. मुंडनाने पुढचे केस दाट येतात, या समजुतीला आधार नाही. केसांची मुळे त्वचेच्या खाली असतात आणि वस्तरा तेथवर पोहोचत नाही. तेव्हा शेवटचा केस निघेपर्यंत बाळाला धरून ठेवण्याचे कारण उरत नाही.

बाळाच्या लहानशा जखमेतून रक्त बराच वेळ दाबूनही थांबत नसेल, किंवा घराण्यात कोणाला हिमोफिलिया असेल, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

न्हाव्याचेही आरोग्य

या विषयात नेहमी गिऱ्हाइकाचा विचार होतो. वस्तरा धरणाऱ्याचा मात्र होत नाही. दिवसभर पाण्यात आणि साबणात राहून नाभिक कारागिराच्या बोटांना चिरा पडतात, पाते बदलताना त्याचाही हात कापतो आणि अनेकांच्या रक्ताशी त्याचा संबंध येतो. गिऱ्हाइकाच्या इतकाच धोका त्यालाही असतो, किंबहुना अधिक. त्याने हिपॅटायटिस बीची लस अवश्य घ्यावी, बोटांवरच्या चिरा पट्टीने झाकून ठेवाव्यात आणि वापरलेली पाती जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाकावीत. कचरा गोळा करणाऱ्यांचे हातही त्यामुळे वाचतात. गिऱ्हाइकाने नव्या पात्याचा आग्रह धरला तर त्यात अविश्वास नसतो. त्या आग्रहाने दोघांचेही रक्षण होते. पात्याचे दोनचार रुपये वेगळे द्यावे लागले तरी ते आनंदाने द्यावेत.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

पंधरावीस मिनिटे अखंड दाबूनही रक्त थांबत नसेल, जखमेचे ओठ फाकलेले असतील, किंवा तीळ कापला जाऊन तो नंतर वाढत अथवा रंग बदलत असेल, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. दोनतीन दिवसांनी जखमेभोवती लाली पसरणे, ठणका, पू, ताप, कानामागे किंवा मानेत गाठ येणे ही संसर्गाची लक्षणे होत. केसांच्या मुळाशी पुळ्या उठल्या, गोल खवलेदार चट्टे दिसले किंवा मानेच्या वरच्या भागात कठीण गाठी येऊ लागल्या, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. गजकर्णाची लागण मशीन, कंगवा आणि टॉवेल यांतूनही होते.

मधुमेह असलेल्यांनी आणि ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी मुंडनापूर्वीच न्हाव्याला तसे सांगावे आणि शक्य तेथे वस्तऱ्याऐवजी मशिनने केस बारीक करून घ्यावेत. मात्र एका दिवसाच्या विधीसाठी ही औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. आईवडिलांचे क्रियाकर्म करणारे पुत्र अनेकदा स्वतःच साठीचे असतात, उपाशी असतात आणि शोकाने थकलेले असतात. त्यांच्याकडे लक्ष देणे हे बरोबरच्या तरुण मंडळींचे काम आहे.

स्वच्छ पाणी, धुतलेले कापड, दहा मिनिटांचा दाब, थोडी पेट्रोलियम जेली आणि प्रत्येक मस्तकाला नवे पाते, एवढेच या विषयाचे सार आहे. हे सारे साहित्य एका लहान पिशवीत मावते. पुढच्या वेळी घरात जावळाची, मुंजीची किंवा तीर्थयात्रेची तयारी होईल तेव्हा ती पिशवी सामानात पहिली ठेवावी.